चेहऱ्यासाठी घरगुती उटणं आणि स्क्रब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की आमच्या घरी मिक्सरला विश्रांती नसते. सासूबाईंच्या हातचं उटणं मी शिकले त्याला आता बरीच वर्षं झाली. घरापुरतं करता करता बिल्डिंगपुरतं, मग नात्यागोत्यात, असं ते वाढत गेलं. उटण्याच्या पुडीबरोबर प्रश्नही येतात आणि दरवर्षी तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडे जायला हवं तिथे तसं सांगितलं आहे.

उटणं आणि स्क्रब यात फरक काय? दोन्ही घासायचंच ना?

दोन्ही घासायचंच, पण क्रम वेगळा, आणि सगळी गंमत त्या क्रमात आहे. नरकचतुर्दशीला पहाटे आधी अंगाला तेल लागतं, ते चांगलं मुरतं, आणि मग उटणं येतं. म्हणजे पीठ कोरड्या कातडीवर घासलं जात नाही, ते तेलावरून घसरतं. पिठाचं मुख्य काम जादाचं तेल टिपून घेणं. जाता जाता वरची सुटलेली कोंडी (मृत त्वचेचे बारीक पापुद्रे) निघते, तो वरचा नफा.

आता आपण काय करतो? फेसवॉशनं चेहरा कोरडाठक्क करतो आणि त्यावर बेसन रगडतो. तेल गायब, घासणं मात्र दुप्पट. मग चेहरा चुरचुरला की उटण्याला दोष. चेहऱ्यासाठी तिळाच्या तेलाचे तीन-चार थेंब पुरतात. पाच मिनिटं थांबा आणि मग उटणं लावा. ज्यांना पुळ्या येतात त्यांनी तेलाऐवजी नुसतं कोमट पाणी मारून चेहरा ओला करावा. खोबरेल तेल काहींच्या चेहऱ्यावर रंध्रं बुजवतं, ते अंगाला ठेवलेलं बरं.

घासताना काळपट वळ्या निघतात. तो मळच असतो ना?

एक प्रयोग करा. स्टीलची स्वच्छ ताटली घ्या, तेलाचं बोट फिरवा, वर कालवलेलं बेसन थापा आणि अर्धवट सुकलं की बोटानं चोळा. ताटलीतूनही तशाच वळ्या निघतील. ताटलीला कुठून आली मृत त्वचा?

वळ्या प्रामुख्यानं पिठाच्याच असतात, त्यात तेल, घाम, धूळ आणि थोडी कोंडी. त्यामुळे "अजून निघतंय, अजून निघतंय" म्हणत घासत राहण्यात अर्थ नाही. पीठ आहे तोवर वळ्या निघणारच.

मुळात मृत त्वचा काढायची गरज असते का? ती आपोआप जात नाही?

जाते. त्वचेच्या खालच्या थरात नवी पेशी तयार होते, वर सरकत येते, वाळते आणि गळून पडते. तरुण वयात या फेरीला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढेल तसे जास्त. सगळ्यात वरचा मृत पेशींचा पापुद्रा म्हणजे १५-२० पातळ थर, सगळे मिळून केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तो कचरा नाही. आतलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवण्याचं काम तोच करतो. टाचेवर तो जाड असतो, चेहऱ्यावर अगदीच पातळ. म्हणून टाचेचा दगड तोंडाला लावत नाहीत.

सुटायला आलेले पापुद्रे कधी कधी चिकटून राहतात, चेहरा निस्तेज आणि खरबरीत वाटतो, थंडीत नाकाच्या कडेला पांढरं दिसतं. तेवढ्यांना हलका धक्का द्यायचा, इतकंच आपलं काम.

कोणतं पीठ सगळ्यात चांगलं?

माझं मत विचाराल तर मसूर डाळ. दळल्यावर ती मऊ होते, धुताना चेहऱ्यावर चिकटून बसत नाही. हरभऱ्याचं पीठ तेल छान ओढतं, तेलकट चेहऱ्याला बरं, पण कोरड्या त्वचेला ओढल्यासारखं वाटतं. आणि भज्यांसाठी आणलेलं बेसन पुष्कळदा रवाळ असतं. लाडवाचं तर मुद्दाम जाडसर दळलेलं, ते तर नकोच.

तांदळाच्या पिठाचं सध्या फार कौतुक चाललंय. गिरणीतून आणलेलं भाकरीचं पीठ चिमटीत धरून चोळा, कचकच लागते. ती कचकच गालावर नको. मोदकाची बारीक पिठी चालेल. नाजूक, लाल होणारी त्वचा असेल तर ओट्स मिक्सरमध्ये पूड होईपर्यंत फिरवा आणि तेवढेच वापरा, बाकी काही घालू नका.

मुलतानी मातीला लोक स्क्रब समजतात. ती तेल शोषणारी माती आहे, मुलतान गावावरून नाव पडलेली. कोरड्या त्वचेवर ती पूर्ण वाळू दिली की चेहरा तडतडतो आणि "पोअर्स टाइट झाले" असा गोड गैरसमज होतो. टाइट झाली ती माती.

वस्त्रगाळ म्हणजे नेमकं कसं? चाळणीनं भागत नाही का?

नाही भागत. माझ्या अनुभवानं उटण्यात काय घातलं यापेक्षा ते किती बारीक गाळलं याला जास्त महत्त्व आहे. महागातलं चंदन आणि केशर घालून जाडंभरडं ठेवलं तर ते चेहऱ्याचं उटणं नाहीच. नुसतं मसुराचं पीठ कापडातून गाळलेलं असेल तर ते उटणं.

तर रीत अशी. मसूर डाळ ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची, धुवायची नाही. धुतली तर आत ओल राहते आणि पीठ लवकर खराब होतं. दोन दिवस कडक ऊन द्यायचं. दाताखाली धरली की कटकन तुटली पाहिजे. मग मिक्सरच्या लहान भांड्यात मूठ-मूठ घेऊन थांबत थांबत फिरवायची. एकदम जास्त घातली की भांडं तापतं, पिठाला वाफ धरते आणि ते झाकणाला चिकटतं.

आधी मैद्याच्या चाळणीनं चाळा. मग एका खोल पातेल्याच्या तोंडाला जुना, खूप धुतलेला सुती कपडा बांधा. मलमल असेल तर उत्तम, आमच्याकडे सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा आहे. कपडा ताणून नाही, थोडा झोळ ठेवून बांधायचा. त्यात दोन चमचे पीठ टाकून बोटांच्या पेरांनी गोल गोल हलवत राहायचं. दाबायचं नाही, दाबलं की भरडही धाग्यांतून उतरते. खाली धूर उडावा तसं पीठ पडतं. पाव किलो डाळीला माझा पाऊण तास जातो, मान अवघडते, आणि नाकाला रुमाल बांधला नाही तर शिंका.

झालं का ते कसं ओळखायचं? चिमूटभर पीठ खालच्या ओठावर ठेवून बोट फिरवा. बोटाला न कळणारी कच ओठाला कळते. कळली तर पुन्हा गाळा. कपड्यावर उरलेली भरड फेकू नका, टाचा-कोपरांसाठी वेगळ्या डबीत ठेवा.

तुमचं पूर्ण प्रमाण सांगाल का?

सांगते, त्यात गुपित काही नाही. अंगाच्या उटण्याला: मसूर पीठ १०० ग्रॅम, मुलतानी माती ५० ग्रॅम, संत्र्याच्या सालीची पूड २० ग्रॅम, आंबेहळद १० ग्रॅम, आणि गव्हला, कचोरा, नागरमोथा प्रत्येकी १० ग्रॅम. सुकलेल्या गुलाबपाकळ्या मिळाल्या तर मूठभर. ही सगळी मंडळी काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. तयार पूड घेण्यापेक्षा अख्खी घ्या, म्हणजे आपण काय दळतोय ते दिसतं.

चेहऱ्याचं मी वेगळं करते आणि त्यातून पुष्कळ जिन्नस वगळते: मसूर पीठ ४ चमचे, ओट्सची पूड २ चमचे, आंबेहळद पाव चमचा. बस. नागरमोथा, कचोरा वासाला छान, पण सुगंधी वस्तूंत उडणारी तेलं असतात आणि तीच नाजूक चेहऱ्याला झोंबतात. संत्रासालीचंही तेच. तुम्हाला घालायचीच असेल तर अर्ध्या चमच्यावर जाऊ नका.

वाळ्याबद्दल एक सांगायला हवं. पहिल्या वर्षी मी वाळ्याच्या मुळ्या कात्रीनं कापून मिक्सरमध्ये टाकल्या. मुळ्यांचा दोर पात्याला असा गुंडाळला की पातं सोडवायला पक्कड लागली, आणि जी पूड झाली तिच्यात केसांसारख्या बारीक कुसा. त्या कापडातूनही उभ्या निसटतात आणि टोचतात. तेव्हापासून वाळा दळत नाही. रात्री वाटीभर पाण्यात टाकते आणि सकाळी त्या पाण्यात उटणं कालवते. वास तोच.

साली आणि चंदनाचं काय?

मृग बहाराची संत्री बाजारात येतात त्या फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत साली जमवून ठेवा. तेव्हा हवा कोरडी असते. फळ सोलण्याआधी कोमट पाण्यात घासून धुवा, साली सावलीत सुकवा, हातात कुडकुडीत मोडेपर्यंत. उन्हात काळ्या पडतात.

चंदन घरात खोड आणि सहाण असेल तर उगाळून ताजं घ्या. स्वस्तातली "चंदन पावडर" घेऊ नका. त्या किमतीत चंदन येत नाही, वास मात्र येतो.

उटणं कशात कालवायचं? दूध, दही, गुलाबपाणी?

दह्यात. पण दह्यातलं नेमकं काय कामाला येतं ते बघा. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं, साधारण एक टक्क्याच्या आसपास, आणि हे आम्ल मृत पेशींना एकमेकींशी जोडणारा चिकटपणा सैल करतं. बाजारात लॅक्टिक आम्लाची सीरम मिळतात ती ५ ते १० टक्क्यांची असतात, म्हणजे दही त्यांच्यापुढे फारच सौम्य. आम्हाला तेच हवंय. आम्ल पाण्यात विरघळलेलं असतं, तेव्हा श्रीखंडासाठी चक्का टांगला की खाली जी निवळ गळते ती टाकू नका. तिच्यात उटणं कालवा. त्वचा ओढत नाही आणि चेहऱ्याला दह्याचा थबथबाटही होत नाही.

कोरड्या त्वचेला साय. मध चालतो, पण मिशीच्या जागी चिकटला की सुटता सुटत नाही. गुलाबपाणी नुसतं वासाला, हरकत नाही. प्रमाण म्हणाल तर एक चहाचा चमचा पीठ आणि दोन चमचे निवळ. धिरड्याच्या पिठाइतकं सैल हवं. थालीपिठासारखं घट्ट झालं तर ते थापावं लागतं, आणि थापलं की घासलं जातं.

लिंबू पिळलं तर?

नको. दोनदा सांगते, नको.

हा धडा मी स्वतःच्या गालावर गिरवला आहे. मामेबहिणीच्या लग्नाला चार दिवस होते. कुठेतरी वाचून लिंबाचा रस आणि साखर घेतली, दोन्ही गालांवर भरपूर चोळली, झोंबलं तेव्हा "काम करतंय" म्हणून आणखी दोन मिनिटं ठेवली, आणि मग आहेर आणायला भर दुपारी बाजारात गेले. संध्याकाळी गाल लाल, दुसऱ्या दिवशी पापुद्रे, आणि आठवड्यानं डाव्या गालावर तांबूस-काळा पट्टा. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी उजवीकडून उभी आहे. तो डाग जायला पाच महिने लागले.

कारणं दोन. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या जवळपास, आणि त्वचेचा ५ च्या जवळपास. कातडी सोलणाऱ्या आम्लांच्या घरगुती वापराच्या क्रीमसाठी सामू साडेतीनच्या खाली नको, असा सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञांचा दंडक आहे. लिंबू त्याच्या कितीतरी खाली. दुसरं म्हणजे लिंबात, विशेषतः सालीत, अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखी जखम होते, फोडसुद्धा येतात. आणि आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा स्वभावच असा की जरा दुखावली की मागे काळा डाग ठेवते.

साखर, कॉफी, मीठ, अक्रोडाची टरफलं, खायचा सोडा यांपैकी काय चालेल?

चेहऱ्याला यातलं काहीच नाही. साखरेच्या कणाला धारदार कोपरे असतात. उसापासून ग्लायकोलिक आम्ल मिळतं म्हणून साखर घासली की ते लागतं असं सांगतात. तसं नाही. साखर म्हणजे साखर. पिठीसाखर घेतली तर ती ओल्या चेहऱ्यावर विरघळून नुसता पाक होतो.

फिल्टर कॉफीचा चोथा पाठीला, मांड्यांना वापरा, वास छान येतो. इन्स्टंट कॉफी विरघळते, त्यामुळे तिनं घासणं होत नाही, न्हाणीघर मात्र तपकिरी होतं. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा काचेसारखा अणकुचीदार. सोड्याचा सामू ८ च्या वर, म्हणजे लिंबाच्या उलट टोकाला, आणि त्वचेला तोही तितकाच नकोसा.

खसखस मात्र मला आवडते, अंगासाठी. दाणा गोल असतो, टोचत नाही. दुधात भिजवून जाडसर वाटायची. एक आठवण करून देते: आखाती देशांत राहणाऱ्या मंडळींनी खसखस सामानात नेऊ नये. अमिरातीत ती बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते, अनारशावर लावायला नेलेली असली तरी.

पपईचा गर?

पिकलेल्या पपईचा चालतो. पपईतलं पपेन हे पाचक द्रव्य प्रथिनं तोडतं (मटण शिजताना कच्च्या पपईचा तुकडा टाकतात तो याच कारणासाठी). पिकताना ते कमी होत जातं, म्हणून पिकलेली सौम्य. कच्च्या पपईचा पांढरा चीक चेहऱ्याला अजिबात नको, त्यानं फोड येऊ शकतात. ज्यांना रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी खाज सुटते त्यांनी पपईपासून लांबच राहावं, ही ऍलर्जी पुष्कळदा जोडीनं येते. गर पाच मिनिटं ठेवून धुवा, घासायची गरजच नाही.

लावायचं कसं आणि किती वेळा?

आठवड्यातून एकदा. फार तेलकट चेहरा असेल तर दोनदा. रोज नाही, "हलक्या हातानं रोज" हेही नाही.

चेहरा ओला करा, उटणं लावा, दोन मिनिटं नुसतं राहू द्या म्हणजे पापुद्रे मऊ होतात. सुकू देऊ नका, सुकायला लागलं की पाण्याचा हात फिरवा. मग अनामिकेनं गोल गोल, सगळा चेहरा मिळून तीस-चाळीस सेकंद. अनामिका अशासाठी की त्या बोटात जोर नसतो. डोळ्यांभोवती नाही, ओठांच्या कोपऱ्यांत नाही. कोमट पाण्यानं धुवा, टॉवेलनं टिपा, आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. शक्यतो संध्याकाळी करा, आणि दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन चुकवू नका.

जास्त झालं हे कसं कळतं? रोजचंच क्रीम झोंबायला लागतं. नुसतं पाणी लागलं तरी चुरचुरतं. कपाळावर मेण लावल्यासारखी चकाकी येते, तिला लोक ग्लो म्हणतात. असं झालं की महिनाभर सगळं बंद, फक्त साधं मॉइश्चरायझर.

नवं काही वापरण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा. डाळीचं पीठ आहे, त्यानं काय होणार, असं म्हणणाऱ्यांनाही डाळीची ऍलर्जी असू शकते.

यानं रंग उजळतो का?

गोरेपणा येत नाही. रंग देणारं मेलॅनिन तयार होतं ते त्वचेच्या बाह्य आवरणाच्या सगळ्यात खालच्या थरात, आणि उटणं पोचतं सगळ्यात वरच्या. वरची कोंडी गेली की पृष्ठभाग सपाट होतो, उजेड नीट परततो, चेहरा तुकतुकीत दिसतो. उन्हानं रापलेला रंग जसजशा पेशी बदलतात तसा आठवड्यांनी उतरतो, तो घासून एका दिवसात उतरवता येत नाही.

हा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते, मुलगी शेजारी बसलेली असते आणि खाली बघत असते. २०२० साली "फेअर अँड लव्हली"नं नावातलं "फेअर" काढून टाकलं, आपल्या वधू-वर सूचक मंडळांच्या फॉर्ममधला "वर्ण" हा रकाना मात्र अजून जागेवर आहे. माझ्या पुडीवर "उजळ" हा शब्द नसतो. त्यामुळे गिऱ्हाईक कमी होतं का? होतं.

मुलगी अकरावीत आहे, चेहऱ्यावर खूप पिंपल्स आहेत. स्क्रब करू का?

नाही. लाल, दुखऱ्या, पू धरलेल्या पुळ्यांवर काहीही घासायचं नाही. पुळी फुटते, सूज पसरते आणि मागे डाग किंवा खड्डा राहतो. पिंपल अस्वच्छतेनं येत नाही, तेव्हा तिला सारखा चेहरा धुवायलाही सांगू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, लवकर न्या. चांगली औषधं आहेत. वर्षभर घरगुती लेप लावून खड्डे पडल्यावर नेण्यात काय मिळतं?

कपाळावर एकाच मापाचे, खाजणारे बारीक पुरळ असतील तर ते बुरशीचंही असू शकतं, तिथे तेल लावलं की वाढतं.

नाकावरचे ब्लॅकहेड्स उटण्यानं जातील का?

टोक घासलं जाईल, बाकीचं आत राहील. तो काळा रंग मळाचा नसतो. रंध्रातल्या तेलाचा आणि पेशींचा बूच हवेशी संबंध येऊन काळा पडतो. त्याला सॅलिसिलिक आम्लाचं साधं फेसवॉश जास्त उपयोगी, कारण ते तेलात विरघळतं आणि आत शिरतं. घरगुती गोष्टींच्या मागे लागलेली बाई हे सांगते आहे, तेव्हा ऐका.

पुरुषांनी वापरलं तर चालेल का? दाढीनंतर?

चालेल, पण दाढीच्या आधी. ब्लेडनं वरचा पापुद्रा आधीच निघालेला असतो, त्यावर पुन्हा घासलं तर आग होते. ज्यांचे हनुवटीखालचे केस आत वळून पुळ्या होतात त्यांनी दाढीच्या आदल्या रात्री केलं तर बरं पडतं. आमच्याकडे दिवाळीत एक दिवस उटणं लावून घेणारे वर्षभर "हे बायकांचं" म्हणतात, आणि हळूच माझी डबी रिकामी होते.

कोणी अजिबात करू नये?

ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलिन क्रीम लावणाऱ्यांनी, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, नुकतंच पील किंवा लेसर झालेल्यांनी. इसब, सोरायसिस, चेहऱ्यावर सतत लाली असलेल्यांनी. आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम "गोरं होण्यासाठी" लावणाऱ्यांनी. त्यांची त्वचा आधीच पातळ झालेली असते, त्यांनी आधी डॉक्टर गाठावा. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगनंतर दोन दिवस थांबा.

बाळाला डाळीच्या पिठानं चोळलं की लव जाते असं आजी म्हणते.

लव जाते, पण ती आपोआपच जाते, काही आठवड्यांत. पीठ चोळलं म्हणून नाही. बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते, तिला ओरखडे उठतात, आणि सोलवटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण गेले तर त्यांची ऍलर्जी जडण्याचा धोका असतो. आजीला दुखवायचं नसेल तर मालिशचं काम त्यांच्याकडे द्या आणि डाळीची वाटी स्वयंपाकघरातच राहू द्या.

लग्न आहे, हळदीच्या आदल्या दिवशी करू का?

पाच दिवस आधी. आदल्या दिवशी केलं तर सोलवटलेल्या चेहऱ्यावर हळद बसते, आणि ती पिवळी झाक मेकअपलाही दाद देत नाही. लग्नाच्या आठवड्यात नवं काही करून बघायचं नाही. डाव्या गालाची गोष्ट वर सांगितलीच आहे.

किती दिवस टिकतं?

कोरडी पूड काचेच्या बरणीत सहा महिने. ओला चमचा घालायचा नाही. पावसाळ्यात वास बघत जा, खवट आला किंवा जाळी धरली की सरळ कुंडीत. कालवलेलं उटणं त्याच वेळी संपवा. डाळीचं पीठ आणि पाणी म्हणजे इडलीचं पीठच की, सकाळपर्यंत फसफसतं. फ्रिजमध्येही ठेवू नका.

विकतचा स्क्रब वाईटच का?

नाही. बारीक, गोल कणांचे चांगले स्क्रब असतात. पूर्वी कित्येकांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी असत. ते नाल्यातून समुद्रात जातात म्हणून अमेरिकेनं २०१५ साली त्याविरुद्ध कायदा केला, ब्रिटननं २०१८ मध्ये बंदी आणली. वेष्टनावर पॉलिएथिलीन लिहिलेलं असेल तर घेऊ नका.

उटण्यानं मोरी तुंबते, काय करू?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, दिवाळीच्या संध्याकाळी, आणि फोनवर येतो. गरम पाणी ओतू नका, आत पिठाची खळ होऊन बसते. जाळी काढा, हातानं जेवढं निघेल तेवढं काढा, मग थंड पाणी जोरात सोडा. पुढच्या वर्षी जाळीवर जुन्या ओढणीचा तुकडा अंथरा, आंघोळी झाल्या की गोळा उचलून झाडाच्या मुळाशी टाका. मुलतानी माती घातलेलं असेल तर पाइपात ती सिमेंटसारखी बसते, तेव्हा तो तुकडा विसरू नका.